नलारबॉर ओलांडण्याआधी फळं संपवा

ऑस्ट्रेलियात नलारबॉरचं सपाट मैदान ओलांडत पोर्ट ऑगस्टाहून नॉर्समनला आयर हायवेने निघालात, तर फळं, भाज्या, मध पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या सीमेआधीच संपवा. सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजच्या तपासणी नाक्यावर या वस्तू काढून घेतात. उलट येताना फळं-भाज्यांची तपासणी सेडुना गावात होते. सुमारे १,६६० किमीच्या या वाटेवर पेट्रोल दिसेल तिथे भरा.

बॅलडोनिया आणि कैगुना या थांब्यांच्या दरम्यान १४६.६ किमी एकही वळण नाही. झोप इथेच गाठते, म्हणून चालक बदला. तिन्हीसांजेनंतर कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा मुक्कामच बरा.

एडवर्ड जॉन आयरने १८४१ मध्ये हा प्रदेश ओलांडला, तोही वायली या आदिवासी सोबत्याच्या साथीने. रस्त्याला नाव आयरचं आहे, पण वायलीचं नावही आवर्जून लक्षात ठेवावं. रस्ता १९४१-४२ मध्ये युद्धकाळात झाला, संपूर्ण डांबरी व्हायला १९७६ उजाडलं.