गाव आराखड्यात हवामान बदल कुठे बसवायचा?

ग्रामपंचायत विकास आराखड्यावर नव्याने काम करणारे बहुतेक जण ‘हवामान बदल’ असं वेगळं प्रकरण लिहितात. त्याला निधी नसतो, त्यामुळे ते वृक्षलागवडीपाशी थांबतं. खड्डे तेच, रोपं नवी! त्यापेक्षा जी कामं होणारच आहेत, त्यांच्या मोजमापात हवामान घाला.

आधी पाण्याचा ताळेबंद. एक हेक्टरवर १०० मिमी पाऊस म्हणजे १ टीसीएम, अर्थात हजार घनमीटर. त्यातून बाष्पीभवन आणि वाहून जाणारं पाणी वजा करा. अडलेलं आणि मुरलेलं तेवढंच गावाचं. २,००० वस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ४० टीसीएम लागतात. पाटपाण्यावरचा ऊस हेक्टरी साधारण २० टीसीएम पितो. म्हणजे दोन हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं पिण्याचं पाणी सारखंच. ग्रामसभेत एवढं एकच गणित मांडा. आवाज चढतात, चढू द्या.

हे सगळं ऑक्टोबरात, विहिरींची पातळी मोजून, रब्बीची पेरणी ठरण्याआधी व्हायला हवं. डिसेंबरात केलेला ताळेबंद फायलीला लावायच्या कामाचा.

पावसाचे आकडे तालुक्याचे नकोत, महसूल मंडळाचे घ्या. वार्षिक सरासरी फसवते. मिळतील तितक्या वर्षांचे रोजचे आकडे काढून दोनच गोष्टी मोजा: पंधरवड्याहून मोठे खंड किती पडले, आणि २४ तासांत ६५ मिमीच्या वर, म्हणजे अतिवृष्टीचे, दिवस किती. जोडीला टँकर कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यात सुरू झाला तेही लिहा. मिलिमीटर कुणाच्या लक्षात राहत नाहीत, टँकर राहतो.

खंड वाढत असतील तर शेततळं आणि संरक्षित पाणी (खंडात पीक तगवायला दिलेली एखाद-दुसरी पाळी) यादीत वर घ्या. अतिवृष्टी वाढत असेल तर रस्त्याच्या मोरीची नळी मोठी आणि बंधाऱ्याचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणारी वाट, रुंद हवा. सांडवा अपुरा पडला की पाणी काठाची माती कापतं आणि बंधारा बाजूने उघडा पडतो. शाखा अभियंत्याशी हे अंदाजपत्रक बनतानाच बोला. तांत्रिक मान्यतेनंतर सहसा कुणी आकडा बदलत नाही.

शेवटी लेखाशीर्ष, म्हणजे कोणतं काम कोणत्या निधीतून. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानात ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचे, होते: अर्धे पाण्याला, अर्धे स्वच्छतेला. भूजल पुनर्भरण बंधितातून करता येत होतं, मोरी मात्र अबंधितातूनच. अशी विभागणी आधी न पाहता कामं टाकली, की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला.