ईसीजी नॉर्मल आला, तरी धडधड थांबत नाही : पुढं काय करायचं?

बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात माझं औषधाचं दुकान आहे. वडगाव, अनगोळ, येळ्ळूरची माणसं येतात. ॲसिडिटीची गोळी मागतात, ताकदीचं टॉनिक मागतात आणि पैसे देता देता हळूच विचारतात, “अण्णा, छातीत धडधडतंय, हाताला मुंग्या येतात, घशात कायतरी अडकल्यागत होतंय. ईसीजी काढला, इको काढला. सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मग मला होतंय ते काय?”

होतंय ते खरं असतं. ‘मनाचे खेळ’ म्हणून त्याला उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. धोका दिसला की शरीरात ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो. बांधावर साप दिसला तर हेच आपल्याला वाचवतं. चिंतेच्या आजारात साप नसतानाही तेच सगळं घडतं. श्वास फार भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं मुंग्या येतात, गरगरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०१९ साली जगात ३० कोटी १० लाख लोकांना चिंतेचे आजार होते. तुम्ही एकटे नाही.

पहिलं काम शरीर तपासून घेण्याचं. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, कळ हाताकडं किंवा जबड्याकडं जात असेल, घाम सुटत असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. दोन्हींच्या बिघाडानं धडधड होते. दिवसाला किती चहा होतो तेही मोजा. पण एकदा डॉक्टरांनी ‘हृदय ठीक आहे’ सांगितलं, की दर महिन्याला नवा ईसीजी काढू नका. दोन दिवस बरं वाटतं आणि शंका पुन्हा उभी राहते.

मग चिंता किती आहे ते बघा. डॉक्टर सात प्रश्नांची एक चाचणी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत जीव घाबरा किंवा अस्वस्थ होता का, चिंता आवरता येत नव्हती का, निरनिराळ्या गोष्टींची फार काळजी वाटत होती का, निवांत होणं जड गेलं का, एका जागी बसवत नव्हतं का, चटकन चिडचिड होत होती का, काहीतरी वाईट घडणार अशी भीती होती का. अजिबात नाही तर ०, काही दिवस तर १, निम्म्याहून जास्त दिवस तर २, जवळजवळ रोज असेल तर ३. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. बेरीज कमी आली पण भीतीपायी कामं अडत असतील, तरीही दाखवा.

कामं कशी अडतात, ते दुकानात बसून मी बघतो. वडगावची एक बाई, घरी यंत्रमाग. सीबीटीच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, गर्दीत तिला भीतीचा झटका (पॅनिक अटॅक) आला, आता मरतेच असं वाटलं. त्यानंतर तिनं बस सोडली. मग रिक्षातही सोबत लागायला लागली. मग बाजार जाऊबाईकडं गेला. नवरा मायेचा माणूस, तोच म्हणायचा, “तू नको येऊस, मी आणतो.” खानापूरला दिलेल्या लेकीचं डोहाळजेवण झालं, तेव्हा ही घरात बसून रडत होती. टाळलं की त्या घटकेला सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं आणि भीती पक्की होत जाते. या आजारात माणसाचं जे जातं, त्यातलं बरंचसं असं टाळण्यात जातं. घरच्यांची मायाच त्याला हातभार लावते.

तिच्या समुपदेशकानं तिच्याशी बोलून पायऱ्या ठरवल्या. आधी नवऱ्याबरोबर बसथांब्यापर्यंत. मग बसनं नाथ पै चौकापर्यंत, मग गोवावेस, मग संभाजी चौक, मग सीबीटी. पुढं हेच सगळं एकटीनं, आणि शेवटी खानापूर. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचं तिकीट पडत नाही, त्यामुळं एकच टप्पा चार वेळा करायलाही खर्च नव्हता. नियम दोनच : धडधड सुरू झाली म्हणून मध्येच उतरायचं नाही, ती ओसरू द्यायची, आणि एक पायरी सवयीची झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. लेकीच्या बाळाच्या बारशाला ती एसटीनं गेली.

झटका आलाच तर एवढं लक्षात ठेवा : बहुतेक वेळा तो दहा मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि मग उतरतो. त्याच्याशी झगडू नका. श्वास हळू करा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. शेजारच्यानं पाणी, कांदा, चप्पल घेऊन धावाधाव करू नये. “मी आहे, हे उतरणार आहे,” एवढं म्हणून बसून राहावं.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. पदवी झालेला मुलगा मुलाखतीला जात नाही, तेव्हा घरचे म्हणतात, कन्नड येत नाही म्हणून बुजतो. असेलही. पण तोच मुलगा घरच्या लग्नात पंगतीला बसत नसेल, अनोळखी फोन उचलत नसेल, तर कन्नडचा क्लास लावून भागणार नाही. चारचौघांच्या नजरेची भीती हाही चिंतेचाच एक प्रकार आहे आणि त्यावरही उपचार आहेत.

जायचं कुठं? जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारा. पाऊणशे किलोमीटरवर धारवाडला डिमहान्स ही मनाच्या आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे. धारवाडचं नाव काढलं की घरात सगळे गप्प होतात, मुलीची सोयरीक अडेल म्हणतात. तिथं ओपीडीत दाखवून संध्याकाळी घरी परतता येतं. घरातून बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. मराठीत बोलायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा. जीव द्यावा असे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि घरात एकाला तरी सांगा.

गोळ्यांबद्दल मात्र मला आग्रहानं सांगायचंय. शेजाऱ्याची अल्प्राझोलाम मागून घेऊ नका. ती लगेच गुण देते, म्हणूनच तिची सवय लागते, आणि दारूबरोबर घेतली तर जिवावर बेतू शकतं. तिची नोंद आम्हाला वेगळ्या रजिस्टरात ठेवावी लागते, ती यासाठीच. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन अशा गोळ्यांची तशी सवय लागत नाही, पण त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळतं, कधी बेचैनी थोडी वाढते. नेमकी तेव्हाच माणसं गोळी सोडतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. बरं वाटल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागते, आणि बंद करताना डॉक्टर ती हळूहळू कमी करत आणतात. पट्टी संपायच्या चार दिवस आधी या, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही.