बेपत्ता माणसाचा शोध: नातेवाइकांचा डीएनए आणि वंशावळ

नागपुरात घरचे माणूस बेपत्ता झाले असेल आणि एखाद्या बेवारस मृतदेहाशी किंवा सांगाड्याशी संबंध असल्याची शंका असेल, तर पोलीस ठाण्यात डीएनए तुलनेसाठी लेखी अर्ज द्यावा. नमुना पोलिसांमार्फतच न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जायला हवा, खासगी अहवालाच्या भानगडीत पडू नये.

आई, वडील किंवा मुले यांचा नमुना सर्वांत उपयोगी ठरतो. ती हयात नसतील, तर नाते पारखून घ्यावे. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए आईकडून येतो, त्यामुळे सख्खी मावशी, मामा व मावसभाऊ चालतात, मामेभाऊ सहसा नाही. वाय गुणसूत्र (फक्त पुरुषांत असणारे) बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून बेपत्ता पुरुषासाठी काका व चुलतभाऊ चालतात, आतेभाऊ नव्हे. दत्तकविधान झाले असल्यास आधीच सांगावे.

मृतदेह किंवा नमुना कोणाचा, याचा अंदाजच नसेल, तेव्हा जनुकीय वंशावळशास्त्र कामी येते: डीएनएवरील लाखो ठिकाणे तपासून दूरचे नातेवाईक शोधायचे, समाईक पूर्वज गाठायचा आणि तेथून खाली वंशवृक्ष उतरवत यायचा. कॅलिफोर्नियात 2018 साली ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखला जाणारा खुनी असाच सापडला. आपल्याकडे तेवढा मोठा खुला वंशावळ-संग्रह नसल्याने ही वाट अरुंद आहे. मात्र विदर्भातील अनेक घरांत जात पडताळणीसाठी काढलेल्या कोतवाल बुकाच्या (गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला असतात. नाते सिद्ध करायला त्या, माझ्या मते, तोंडी आठवणींपेक्षा भरवशाच्या. वंशवृक्षातून मिळालेले नाव केवळ धागा समजावे; ओळख पक्की करण्यासाठी जवळच्या नातेवाइकाच्या नमुन्याशी थेट तुलना करावीच लागते.