आठवडी बाजारात हाताने केलेले दागिने विकायचे, तर

जत्रेत भेटलेलं गिऱ्हाईक परत भेटलं तर वर्षाने भेटतं. आठवडी बाजारात तीच बाई पुढच्या मंगळवारी तुटलेलं कानातलं घेऊन समोर उभी राहते, आणि शेजारच्या दोघींच्या देखत ते तुमच्या ताडपत्रीवर ठेवते. म्हणून बाजारासाठी दागिना घडवताना पहिलं लक्ष जोडाकडे द्यायचं. मणी सहसा फुटत नाही. कडी उघडते, तार निसटते, दोरा कुजतो. गिऱ्हाइकाला हे पक्कं ठाऊक असतं. दागिना हातात घेतला की ती वजन बघते, कडी ओढून बघते आणि विचारते, "काळं पडंल का?" नक्षीची पाळी त्यानंतर.

तार आणि हत्यारं

सुरुवातीला तीन पकडी पुरतात: गोल तोंडाची, चपट्या तोंडाची आणि कटर. चपटी पक्कड बिनदात्यांची घ्या. इलेक्ट्रिकच्या कामाची दातेरी पक्कड तारेवर ओरखडे उठवते, आणि मुलामा तिथूनच सुटायला लागतो. शिवाय बारीक कानस, मिलिमीटरची पट्टी आणि बांगडीचं माप घ्यायची सळई लागेल.

तार मागताना गेजमध्ये न मागता मिलिमीटरमध्ये मागा. गेजच्या दोन पद्धती आहेत. २० गेज म्हणजे एका पद्धतीत ०.८१ मिमी आणि दुसरीत ०.९१ मिमी. कानाच्या भोकाला एवढा फरक जाणवतो. कानात अडकवायच्या आकड्याला ०.८, मणी अडकवायला ०.५ आणि नथीला वेढे द्यायला ०.३ मिमी तार ठेवा.

धातूच्या बाबतीत एक गैरसमज बाजारात सर्रास दिसतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. कान खाजतो, लाल होतो, त्याला बहुतेक वेळा हे निकेलच कारण असतं. लोंबता भाग जर्मन सिल्व्हरचा चालेल, कानात जाणारा आकडा मात्र ३१६ ग्रेडच्या स्टीलचा किंवा ९२.५ टक्के चांदीचा हवा. जोडीमागे थोडे पैसे जास्त जातात, पण "मला खोटं कानात चालत नाही" म्हणणारी बाई याच आकड्यामुळे घेते.

कानातलं: आकडा आणि कडी

आकड्यासाठी ०.८ मिमी तारेचा ५ सेंमी तुकडा कापा. एका टोकाला गोल पकडीने ३ मिमीचा डोळा करा आणि उरलेली तार पेनाच्या टोपणावर वळवा. दोन्ही आकडे एकाच टोपणावर वळवले तरच जोडी सारखी दिसते. मग वळणावर छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. ठोकल्याने तार कडक होते आणि आकडा फाकत नाही. कानात जाणारं टोक कानसीने गोल करा आणि गालावर फिरवून बघा. गालाला टोचलं तर कानालाही टोचणारच.

मणी अडकवताना पिनेचं, म्हणजे खाली डोकं असलेल्या तारेचं, टोक नुसतं वळवून सोडू नका. मण्याच्या वर ३ सेंमी तार ठेवा, काटकोनात वाकवा, डोळा करा आणि उरलेल्या तारेने डोळ्याच्या मानेला अडीच वेढे द्या. टोक कापून पकडीने दाबून टाका, नाहीतर ते पदरात अडकतं. या वेढ्यांना जोडीमागे चारेक मिनिटं जास्त लागतात. बाजारासाठी ती द्यावीच लागतात, कारण नुसता वळवलेला डोळा पहिल्या हिसक्याला उघडतो.

कडी उघडताना तिची टोकं डावी-उजवीकडे फाकवायची नाहीत. एक टोक पुढे आणि एक मागे असं पिळून उघडा, तसंच उलटं पिळून बंद करा. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही, आणि राहिलेल्या फटीतून आकडा निसटतो.

जड दागिने घालून मोठ्या झालेल्या भोकांतून आकडा ओघळतो. अशा बायकांसाठी फिरकीच्या कुड्या वेगळ्या ठेवा. बाकी आकड्यांना रबरी अडक्या फुकट द्या. लोंबत्या कानातल्याचं वजन एका बाजूला ६ ग्रॅमच्या आत ठेवलेलं बरं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बघता येतं.

माळ, नथ आणि बांगडी

तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) स्वस्त असतो आणि सुईशिवाय ओवता येतो, म्हणून नवखे तोच घेतात. तो ताणाने लांबतो आणि उन्हाने ठिसूळ होतो. सुती दोरा घामाने आणि तेलाने कुजतो. काचमोत्यांना ०.३८ मिमीची गिअर वायर (नायलॉन चढवलेली पोलादी तार) आणि २ मिमी क्रिम्प (पकडीने दाबून बसवायचे धातूचे मणी) वापरा.

समोर १२ इंच मणी आणि दोन्ही बाजूंना गोंड्याची दोरी अशी रचना केली तर एकच माप बहुतेक गळ्यांना बसतं. ४ मिमीचे मणी अशा माळेला साधारण ७६ लागतात. पुडीतले मणी कधीच एकसारखे नसतात, म्हणून मोजण्यापेक्षा पट्टीवर ठेवून ओवा. वायर २० इंच कापा. टोकाला क्रिम्प आणि कडी घालून वायर परत फिरवा, शेपूट २ सेंमी मण्यांत लपवा आणि मगच क्रिम्प दाबा. दुसरं टोक दाबण्यापूर्वी २ मिमी ढील सोडा. अगदी ताठ ओवलेली माळ गळ्यावर नीट बसत नाही, मणी एकमेकांवर घासतात आणि वायर क्रिम्पच्या तोंडाशी तुटते.

खडे आणि टिकल्या चिकटवायला फेविक्विक नको. सुकताना त्याची पांढरी वाफ आजूबाजूच्या मोत्यांवर बसते आणि जोड ठिसूळ राहतो. दोन नळ्यांचा अॅरल्डाइट सारख्या प्रमाणात कालवा आणि २४ तास हात लावू नका. बाजाराच्या आदल्या रात्री चिकटवलेला माल दुपारच्या उन्हात ताडपत्रीवर सुटा पडतो.

दाबाच्या, म्हणजे भोकाशिवाय घालायच्या, नथीला मऊ तांब्याची तार घेऊ नका. दोन-चार वेळा घातली की दाब जातो आणि नथ थेट हळदीकुंकवाच्या तबकात पडते. कडक पितळी तारेचा सांगाडा करा, त्यावर ०.३ मिमी तारेने मोती ओवत जा आणि दाबाच्या दोन्ही टोकांना बारीक मणी बसवा.

रेशमी दोऱ्याच्या बांगड्या करत असाल तर मापाचा हिशेब समजून घ्या. २.४ म्हणजे दोन पूर्णांक चार-सोळांश इंच, म्हणजेच सव्वादोन. आतला व्यास ५७ मिमी. २.६ चा ६० मिमी आणि २.८ म्हणजे अडीचचा ६३.५ मिमी. दोरा आतूनही गुंडाळला जातो आणि बांगडी एक-दीड मिमीने लहान होते. त्यामुळे २.४ च्या सांगाड्यावर केलेली बांगडी २.४ घालणाऱ्या हातात अडते. कांचेच्या बांगडीच्या मापावर माल विकणाऱ्याला ही तक्रार हमखास येते.

"काळं पडंल का?" याला खरं उत्तर द्या: पितळ काळं पडणारच. चिंच-मिठाने घासून, स्वच्छ धुऊन आणि पूर्ण सुकवून त्यावर पारदर्शक लॅकर मारलं तर काळवंडणं लांबतं, टळत नाही. अंघोळीला काढून ठेवा, अत्तर आधी लावा आणि दागिना नंतर घाला, हे प्रत्येक पुडीत छापील चिठ्ठीवर द्या. "गॅरंटी" हा शब्द तोंडून काढू नका. "जोड तुटला तर आणा, फुकट करून देते" एवढं पुरतं, आणि ते पाळता येतं.

किंमत

"मालाच्या दुप्पट" हा सोपा हिशेब बुडवतो. समजा एका माळेला मणी ३० रुपयांचे, वायर-क्रिम्प-गोंडा १५, पुडी आणि कार्ड ५, म्हणजे ५० रुपये. अर्ध्या तासाची मजुरी ताशी १०० रुपये धरली तर आणखी ५०. बाजाराची पावती, प्रवास आणि चहा-जेवण मिळून ४०० रुपये गेले आणि ४० नग विकले, तर प्रत्येकावर १० पडले. एकूण ११०. दुप्पट धरून १०० ला विकणारी माणसं दिवसभर राबून नगामागे १० रुपये पदरचे घालतात, आणि गल्ला भरलेला दिसतो म्हणून ते कळतही नाही. अशी माळ १५० ची. वरच्या ४० रुपयांतून न खपलेला माल, तुटफूट आणि घासाघीस भागते.

१४९ लिहू नका, सुट्टा एक रुपया कोणाकडेच नसतो. किंमत चिठ्ठीवर लिहा. घासाघीस होणारच, पण एका नगावर उतरू नका: "मावशी, दोन घेतल्या तर दोनशे ऐंशी." एकीला एकट्या माळेवर २० कमी केलेत तर मागे उभ्या असलेल्या तिघींना तोच भाव द्यावा लागतो.

जागा आणि मांडणी

बहुतेक गावांत बाजाराची वसुली ग्रामपंचायत स्वतः करते किंवा लिलावाने ठेकेदाराला देते. पहिल्या खेपेला माल न नेता बाजार फिरून या. पावती किती, ठरलेल्या जागा कोणाच्या आणि मोकळी जागा कुठे, हे विचारा. कोणाच्या वर्षानुवर्षांच्या जागेवर ताडपत्री टाकलीत तर सकाळीच भांडण. कासार, कटलरी किंवा कापडवाला शेजारी असेल तर उत्तम. मिरची-मसाल्याचं पाल, भजीची कढई आणि मासळी यांच्यापासून लांब बसा. तिखटाची धूळ मखमलीत बसली की निघत नाही.

तोंड उत्तरेला ठेवता आलं तर मागच्या आडोशाने माल बराच वेळ सावलीत राहतो. मांडायला ६ बाय ४ फूट पुरतात. भाजीचे क्रेट पालथे घालून मागची रांग दीड-दोन फूट उंच करा. डोक्यावर पाटी असलेली बाई वाकत नाही, तिला उभ्यानेच दिसलं पाहिजे. सोनेरी माल गडद मरून कापडावर उठून दिसतो. काळ्यावर धूळ दिसते आणि उन्हात ते तापतं. कानातल्यांची कार्डं वाऱ्याने उडतात, म्हणून सुतळीला चिमट्यांनी लावा.

आरसे दोन हवेत, आणि बांधलेले. आरशाविना कानातलं विकलं जात नाही. कानाला लावून बघितलेला प्रत्येक आकडा स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, आणि तो पुसताना दिसू द्या.

पहिल्या बाजाराला कानातल्यांचे बारा नमुने प्रत्येकी पाच जोड्या, माळांचे पाच नमुने प्रत्येकी चार आणि पंधरा नथी एवढं पुरे. यातला तिसरा हिस्सा ५० रुपयांच्या आतला ठेवा, कारण शाळेतल्या मुली तेवढेच पैसे घेऊन येतात. दहा-वीसच्या नोटांत हजारभर रुपये सुट्टे न्या. क्यूआर कोड लावा, पण बाजाराच्या दिवशी नेटवर्क गळपटतं. पैसे आल्याचा मेसेज स्वतःच्या फोनवर बघा. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही.

दुरुस्तीचा डबा

हा डबा बहुतेक जण नेत नाहीत, आणि आमच्या मते बाजारात बसणाऱ्याची खरी कमाई इथेच आहे. कड्या, आकडे, रबरी अडक्या, गोंडे, काळे मणी आणि फिरक्या एका खणांच्या डब्यात ठेवा आणि पाटी लावा: "कोणताही खोटा दागिना दुरुस्त, १० रुपयांपासून". आकडा बदलायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ ती बाई समोर बसते, तिची नजर मालावर फिरते आणि सोबतची जाऊ कानातलं लावून बघते. दुसऱ्याकडून घेतलेला माल दुरुस्तीला आला तर खास नीट बघा: काय तुटतं आणि लोक काय घालतात, दोन्ही कळतं.

"मंगळसूत्र वाढलंय, ओवून द्या" म्हणून कोणी आलं तर आधी वाट्या सोन्याच्या आहेत का ते विचारा. सोनं असेल तर नम्रपणे सोनाराकडे पाठवा. खोट्या वाट्या असतील तरी मणी तिच्यासमोर मोजा आणि काम तिच्या डोळ्यांदेखत पुरं करा. "संध्याकाळी घेऊन जा" असं म्हणू नका.

हंगाम

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि माळा-नथी चालतात. संक्रांतीला वाण म्हणून एकाच प्रकारच्या २०-२५ वस्तू एकदम मागतात, नगाला १५-२० रुपये. तेव्हा साध्या कुड्या डझनाने बांधून ठेवा. गौरींच्या आधीचे तीन आठवडे सगळ्यात तेजीचे. मुखवट्याला बहुधा नाकाला भोक नसतं, म्हणून गौरीच्या नथीला मागे वळवता येईल अशी लांब मऊ तार ठेवा, आणि गळ्याचं माप सुतळीने घेऊन यायला आदल्या बाजारी सांगा. पावसात मखमल आणि मुलामा दोन्ही खराब होतात. त्या दिवसांत माल झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यांतच मांडा.

म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा किंवा माळेगावच्या खंडोबाची यात्रा अशा मोठ्या ठिकाणी गर्दीत कोणी थांबून निवडत नाही. नमुने कमी आणि नग जास्त न्या. बचत गटातून काम करत असाल तर पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांचे अर्ज बरेच आधी भरावे लागतात. तिथलं गिऱ्हाईक दुरुस्ती विचारत नाही, नमुन्यातलं वेगळेपण विचारतं.

बाजार उठल्यावर

ऑर्डर घेतली असेल तर निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि माप वहीत लिहा. घरी आल्यावर काय विकलं यापेक्षा काय हाताळलं गेलं आणि परत ठेवलं गेलं ते टिपा. तो नमुना आवडलाय, अडलंय ते किमतीला किंवा वजनाला. हातसुद्धा न लागलेला नमुना तीन बाजार बघा आणि मोडून टाका. मणी, गोंडे आणि आकडे पुढच्या नमुन्यात जातात. गिअर वायर मात्र पुन्हा वापरू नका. एकदा मुडपलेली वायर त्याच जागी तुटते.