शरद ऋतूतील शर्यतींसाठी चढावरचा सराव
लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या १० ते १२ आठवडे आधी, आठवड्यातून एकदाच, चढावरचा सराव सुरू करावा. दर १०० मीटरला ४ ते ६ मीटर उंची वाढणारा रस्ता निवडून, अंग नीट गरम झाल्यावर, ६० ते ९० सेकंद जोमाने वर धावावे आणि संथपणे खाली यावे. सुरुवातीला अशा ६ फेऱ्या पुरेशा आहेत. चढावर घड्याळातील वेग पाहण्यात अर्थ नसतो. पावले आखूड ठेवून, कमरेत न वाकता, किंचित पुढे झुकावे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे ते अधिक दुखावतात. म्हणूनच शर्यतीचा मार्ग चढउतारांचा असल्यास, स्नायूंना या भाराची सवय व्हावी यासाठी, बहुतेक जण टाळतात तो उतारावरचा सरावही थोडा करावाच, मात्र शेवटच्या दोन आठवड्यांत तो थांबवावा.