जलशुद्धीकरण यंत्र घेताना या चुका टाळा

उन्हाळ्यात जलशुद्धीकरण यंत्रांच्या जाहिराती वाढतात आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की त्यांची विक्री वाढते. रसायनशास्त्र शिकवण्यात बरीच वर्षे गेल्यामुळे ओळखीची माणसे मला सल्ला विचारतात. मात्र बहुतेकांचा प्रश्न यंत्र भिंतीवर बसून गेल्यानंतरचा असतो. त्या चुका त्याच त्या असल्याने त्या एकदाच लिहून ठेवणे सोयीचे वाटले.

प्रात्यक्षिकाला भुलणे

ही चूक सर्वांत जुनी आहे आणि ती करणाऱ्यांत सुशिक्षितांचे प्रमाण मुळीच कमी नाही. आमच्या सोसायटीच्या सभागृहात एका कंपनीचा विक्रेता आला होता. त्याने एका पेल्यात नळाचे आणि दुसऱ्यात आपल्या आरओ यंत्राचे (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी पाठवून क्षार काढणारे यंत्र) पाणी घेतले, दोन्हींत धातूच्या कांड्या असलेले एक उपकरण बुडवले आणि वीज सुरू केली. काही क्षणांत नळाचे पाणी हिरवट, मग तपकिरी झाले आणि त्यावर गाळ तरंगू लागला. आरओचे पाणी जवळजवळ जसेच्या तसे राहिले. “हेच पाणी तुमची मुले रोज पितात,” असे तो म्हणाला, तेव्हा सभागृहात कोणी काही बोलले नाही.

तो गाळ पाण्यातला नव्हता, कांड्यांतला होता. पाण्यातील क्षारांमुळे वीज वाहते, त्यामुळे लोखंडी कांडी झिजते आणि लोखंडाचे हायड्रॉक्साइड तयार होऊन पाणी रंगते. आरओने क्षार काढून टाकलेले असल्याने त्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. मी विक्रेत्याला त्याच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग पुन्हा करायला सांगितले. “सर, मीठ टाकल्यावर ते शुद्ध कसे राहील?” असे उत्तर त्याने दिले, आणि त्याच्या नकळत ते अगदी बरोबर होते, कारण त्याच्या व्याख्येनुसार घरातले वरणही अशुद्धच ठरले असते. शेजारच्या वहिनींनी घरून मीठ आणले. पेल्यातले पाणी पाहता पाहता तपकिरी झाले. तरीही त्याच संध्याकाळी काही कुटुंबांनी आगाऊ रक्कम भरली, कारण सवलत त्या दिवशीच संपणार असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. ऑनलाइन विक्रीतील अशा खोट्या निकडीचा समावेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या रचनांच्या (डार्क पॅटर्न) १३ प्रकारांत केला आहे. सभागृहातल्या निकडीपासून मात्र आपणच सावध राहावे लागते.

माझी सवय साधी आहे. ज्या दिवशी प्रात्यक्षिक पाहिले, त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत. जो विक्रेता आठवडाभर थांबायला तयार नसतो, त्याच्या विक्रीनंतरच्या सेवेविषयी मी फारशी आशा बाळगत नाही.

टीडीएसच्या आकड्याला शुद्धता समजणे

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घटकांचे एकूण प्रमाण. ते दाखवणारा पेनासारखा टीडीएस मीटर आता काही शे रुपयांत मिळतो आणि तो हाती आला की प्रत्येकाला आपण पाणीतज्ज्ञ झाल्यासारखे वाटते. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत, कीटकनाशकेही दिसत नाहीत. खात्री हवी असेल तर पेलाभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून मोजून पाहावे, आकडा फारसा हलत नाही. जुलाब घडवणारे पाणीसुद्धा मीटरवर ८० सारखा कमी आकडा दाखवू शकते.

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांतून येणारे पाणी या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. खडकवासल्यातून पुण्याला येणाऱ्या पाण्याचीही तीच गोष्ट. अशा घरी आरओ बसवणे म्हणजे मुळात नसलेला दोष काढण्यासाठी पैसे मोजणे, आणि त्यासाठी शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी गटारात सोडणे होय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश केंद्राला दिले, ते याच नासाडीमुळे. या घरांना यूएफ (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणारे) किंवा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारे) यंत्र पुरते, आणि धीर असेल तर पाणी गाळून, खळखळून उकळणेही पुरते. पण उकळण्याची जाहिरात कोणी करीत नाही.

याचा अर्थ आरओ निरुपयोगी आहे असा नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, किंवा यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील फ्लोराइडयुक्त विहिरींच्या गावांत त्याला खरे काम असते. शहरातही उन्हाळ्यात बोअरवेलचे टँकर येणाऱ्या सोसायट्यांचे पाणी महिन्यागणिक बदलते. म्हणून मी यंत्राची माहितीपत्रके उघडण्याआधी वॉचमनला टँकर कधी आणि कुठून येतो हे विचारतो, आणि मे व ऑगस्ट अशा दोन्ही महिन्यांत पाणी तपासायला सांगतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होते. जंतूंच्या चाचणीसाठी मात्र नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा आणि त्याच दिवशी पोहोचवावा. अहवालासाठी थांबावे लागते म्हणून अनेकांना हा मार्ग नकोसा वाटतो. हजारो रुपयांचे यंत्र दहा मिनिटांत निवडणाऱ्यांना ही वाट पाहणे जड जाते, हे मला कधीच समजलेले नाही.

‘मिनरल परत मिळतात’ यावर विसंबणे

मिनरल परत देणारा म्हणून सांगितला जाणारा अनेक यंत्रांतील टीडीएस नियंत्रक आरओ न झालेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. म्हणजे जे काढण्यासाठी पैसे दिले, त्यातलेच काही परत घ्यायचे. मूळ पाण्यात फ्लोराइड असेल, तर तेही त्याबरोबर परत येते.

कार्बन फिल्टर बदलण्याची टाळाटाळ

नळाच्या पाण्यातील क्लोरीन आरओच्या पडद्याला खराब करतो आणि त्याला अडवण्याचे काम त्याआधीचा कार्बन फिल्टर करतो. काही शे रुपये वाचवण्यासाठी तो लांबणीवर टाकला, तर कित्येक पट महाग पडदा आधी जातो.

गावाहून आल्याबरोबर टाकीतले पाणी पिणे

यंत्राने क्लोरीन काढून टाकलेला असल्यामुळे साठवलेल्या पाण्यात जंतूंची वाढ रोखणारे काही उरत नाही. चार दिवस घर बंद असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरावी.

दिवा पेटतो म्हणजे यूव्ही चालू आहे असे मानणे

यूव्ही दिव्याचा निळसर उजेड दिसत असला, तरी त्याची जंतू मारण्याची क्षमता साधारण आठ-नऊ हजार तासांनंतर घटलेली असते. पाणी गढूळ असेल, तर नवा दिवाही पूर्ण काम करीत नाही.

यंत्राची किंमत विचारणे, सुट्या भागांची न विचारणे

मी दुकानात प्रथम पडदा, फिल्टर आणि दिवा यांच्या किमती व बदलण्याचा कालावधी लिहून घेतो. हे लिहून देण्यास नकार मिळाला, तर पुढचे दुकान गाठतो. खोट्या दाव्याचा अनुभव आला, तर जाहिरातीचा कागद आणि पावती जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते; ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.