गाळ्याच्या भाड्याची आजची किंमत: सतत चक्रवाढीने हिशेब कसा करायचा

कोथरूडमधला एक गाळा धरू. भाडं महिना ४०,००० रुपये, करार पुढच्या १० वर्षांचा. भावाभावांत वाटणी चालली आहे: एक जण भाडं घेत राहणार, दुसऱ्याला त्याचा अर्धा वाटा आजच रोख हवा. दहा वर्षांचं भाडं ४८ लाख, म्हणून अर्धे २४ लाख द्या, असा हिशेब घरोघरी होतो आणि तो चुकीचा असतो. दहाव्या वर्षी हातात येणारा रुपया आजच्या रुपयाइतका भरत नाही. त्या सगळ्या भाड्याची आजची किंमत, म्हणजेच वर्तमान मूल्य, काढूनच वाटणी करायला हवी.

भाडं दर महिन्याला येतं, म्हणजे १० वर्षांत १२० हप्ते. प्रत्येक हप्ता वेगळा मागे आणण्यापेक्षा पैसा नळाच्या धारेसारखा अखंड येतो असं मानलं, की एका सूत्रात काम होतं. व्याजही दर क्षणाला मुद्दलात मिळतं असं धरायचं. मग वार्षिक दर द धरला तर आजचा १ रुपया ट वर्षांनी ई^(द×ट) होतो (^ म्हणजे घात) आणि ट वर्षांनी येणाऱ्या रुपयाची आजची किंमत ई^(−द×ट) होते. ई म्हणजे २.७१८२८, स्विस गणितज्ञ जेकब बर्नुली याच सतत चक्रवाढीचा विचार करताना १६८३ मध्ये या संख्येपर्यंत पोहोचला. उत्पन्नाचा प्रत्येक बारीक तुकडा असा मागे आणून सगळ्यांची बेरीज, म्हणजे संकलन, केलं की हे सूत्र मिळतं:

वर्तमान मूल्य = (व ÷ द) × (१ − ई^(−द×क))

यात व म्हणजे वर्षाचं उत्पन्न, द म्हणजे सतत चक्रवाढीचा वार्षिक दर आणि क म्हणजे वर्षं. दर ८ टक्के धरला तर द = ०.०८, व = ४,८०,००० आणि क = १०. आधी द×क = ०.८. मग ई^(−०.८) = ०.४४९३२९. ते १ मधून वजा केलं की उरले ०.५५०६७१. ४,८०,००० ÷ ०.०८ = ६०,००,०००. गुणाकार ३३,०४,०२६ रुपये. भावाचा अर्धा वाटा १६,५२,०१३ रुपये, २४ लाख नव्हे.

साध्या कॅल्क्युलेटरवर ई चं बटण नसतं. बऱ्याच मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आडवा धरला की ते दिसतं. एक्सेलमध्ये त्यासाठी ‘एक्स्प’ हे फंक्शन आहे. उणे चिन्ह मात्र विसरू नका. ते राहिलं की कंसातलं उत्तरच ऋण येतं.

सगळ्यात जास्त गोंधळ एककांचा. दर वार्षिक असेल तर उत्पन्नही वर्षाचं आणि काळही वर्षांत हवा. व च्या जागी महिन्याचे ४०,००० घातले तर उत्तर २,७५,३३६ येतं, म्हणजे सात महिन्यांच्या भाड्याहूनही कमी. अशी चूक पकडायला दोन कुंपणं आहेत. भाडं स्थिर असेल तर उत्तर नुसत्या बेरजेपेक्षा (४८ लाख) कमीच हवं, आणि सगळी रक्कम शेवटच्या दिवशी आली असती तर जी किंमत झाली असती (४८ लाख × ०.४४९३२९ = २१.५७ लाख) तिच्याहून जास्त हवं. तोंडी अंदाज हवा असेल तर सगळी रक्कम मुदतीच्या मध्यावर, पाचव्या वर्षाअखेर, आली असं धरा: ४८ लाख × ई^(−०.४) = ३२.१८ लाख. खरं उत्तर याच्या थोडं वरच असतं.

आता दर. बँकेच्या एफडीचा दर तसाच्या तसा सूत्रात घालू नका. एफडीवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ असते, म्हणून आधी रूपांतर करावं लागतं: दर ४ ने भागा, १ मिळवा, नैसर्गिक लॉगरिदम काढा (एक्सेलमध्ये ‘एलएन’) आणि ४ ने गुणा. ७ टक्के तिमाहीचे सतत दराने ६.९४ टक्के होतात. वार्षिक चक्रवाढीचा दर असेल तर १ + दर याचा थेट लॉगरिदम: ८ टक्के वार्षिक म्हणजे ७.७० टक्के सतत. हे रूपांतर न करता ०.०८ च घातलं तर आपल्या गाळ्याच्या उत्तरात सुमारे ४४ हजारांची तूट येते.

पण दर कोणता निवडला हा प्रश्न या रूपांतरापेक्षा फार मोठा आहे. ६ टक्क्यांना याच भाड्याची किंमत ३६.१० लाख, ८ टक्क्यांना ३३.०४ लाख, १० टक्क्यांना ३०.३४ लाख. भाडेकरू सोडून जाऊ शकतो, म्हणून भाड्याची जोखीम एफडीपेक्षा जास्त आणि दरही एफडीच्या वरचा हवा. तो किती, हे दोन्ही भावांनी आकडे मांडायच्या आधी ठरवावं. उत्तर पाहून दर ठरवायला बसलात तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा दर काढेल.

व सुद्धा हातात पडणारा आकडा हवा. मिळकतकर, सोसायटीचा मेंटेनन्स, दुरुस्ती वजा करा. दोन भाडेकरूंच्या मध्ये गाळा सरासरी वर्षातून एक महिना रिकामा राहत असेल तर व ४,४०,००० होतो आणि उत्तर ३०,२८,६९१ पर्यंत उतरतं.

भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत असेल तर वाढीचाही सतत दर काढतात: ग = ०.०४८७९. मग सूत्रात द च्या जागी दोन्हीकडे (द − ग), म्हणजे ०.०३१२१, येतं आणि उत्तर ४१.२३ लाख होतं. द आणि ग नेमके सारखे असतील तर सूत्रात शून्याने भागाकार येईल. तेव्हा उत्तर सरळ व × क.

इथे एक बारीक फसवणूक आहे. हे सूत्र भाडं पहिल्या दिवसापासून रोज थोडं थोडं वाढतं असं मानतं. आपल्या लिव्ह अँड लायसन्स करारात मात्र भाडं वर्षभर तेच राहतं आणि वर्ष संपलं की एकदम उडी मारतं. पायऱ्यांनी हिशेब करायचा तर आधी एका वर्षाच्या स्थिर भाड्याची किंमत काढा: ६०,००,००० × (१ − ई^(−०.०८)) = ४,६१,३०२. पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ती १.०५ × ई^(−०.०८), म्हणजे ०.९६९२७ ने गुणत जा आणि दहा आकड्यांची बेरीज घ्या. येतात ४०.२५ लाख. गुळगुळीत सूत्राने तब्बल ९८ हजार जास्त दाखवले. वाढ असलेल्या करारात आम्ही पायऱ्यांचाच हिशेब वापरा म्हणू.

हप्ते मासिक असल्याचा फरक मात्र किरकोळ आहे. ४०,००० चे १२० हप्ते एकेक करून मागे आणले तर महिनाअखेरीच्या भाड्याला ३२.९३ लाख आणि महिन्याच्या सुरुवातीच्या भाड्याला ३३.१५ लाख येतात, आपले ३३.०४ लाख बरोबर मधोमध बसतात. पण भाडं वर्षातून एकदाच, वर्षाअखेरीस मिळत असेल तर खरी किंमत ३१.७४ लाखच आहे. तिथे धारेचं सूत्र सुमारे ४ टक्के फुगवून सांगतं, तेव्हा ते वापरू नका.

भाडं आज नाही, ताबा मिळाल्यावर दोन वर्षांनी सुरू होणार असेल तर आलेल्या उत्तराला ई^(−०.१६) ने गुणा: ३३.०४ लाखांचे २८.१६ लाख होतात. मुदत मोजताना भाड्याची दहा वर्षं दहाच ठेवायची, त्यातून ही दोन वजा करायची नाहीत.

डिपॉझिट हे उत्पन्न नाही, ते परत द्यायचं आहे. सहा महिन्यांचं, २,४०,००० रुपयांचं डिपॉझिट आज मिळालं आणि १० वर्षांनी बिनव्याजी परत गेलं तर मालकाचा फायदा २,४०,००० × ०.५५०६७१ = १,३२,१६१ रुपये. एवढेच मिळवा.

आणि गाळा स्वतः? वर काढलेली किंमत फक्त दहा वर्षांच्या भाड्याची आहे. स्थिर भाडं कायम येत राहिलं असतं तर किंमत व ÷ द, म्हणजे ६० लाख झाली असती. त्यातले ३३.०४ लाख पहिल्या दहा वर्षांचे, उरलेले २६.९६ लाख त्यानंतरच्या सगळ्या काळाचे. वाटणीत गाळ्याची मालकीही जात असेल तर दहा वर्षांनी तो किती रुपयांना विकला जाईल याचा अंदाज घ्या, त्याला ०.४४९३२९ ने गुणा आणि मगच दोन्ही आकडे एकत्र करून भावासमोर ठेवा.